सावली विकणाऱ्याची मुलगी

मी निघाले त्या दिवशी मुरुमच्या बसस्टँडवर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सच्या वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे चेहरे होते, खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे, आणि मधे जी जागा उरली तिथं मी. 'परदेशात प्राध्यापकपदी निवड' असं लिहून शेजारी उझबेकिस्तानचा झेंडा म्हणून तुर्कस्तानचा छापला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. झेंडा दिसायला बरा होता.

तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, आणि उन्हाळ्यात तुम्ही अस्तित्वात नसता. त्याच कॉलेजच्या अध्यक्षांनी भाषणात मला 'आमच्या संस्थेचं रत्न' म्हटलं. रत्नाला कायम करणं मात्र त्यांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. मग फरगाणा नावाच्या गावी डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना जीवरसायन शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं, मी अर्ज केला आणि त्यांनी घेतलं. फरगाणा मला शाळेच्या इतिहासातून माहीत होतं. पुस्तकात ते एका ओळीत येतं आणि पुढच्या ओळीत सगळे तिथून निघून दिल्लीकडं येतात. मी उलट्या दिशेनं निघाले होते.

सत्काराला आप्पा, म्हणजे माझे वडील, आले नाहीत. "तिथं भाषणाला माणसं हायती की. माझं काय काम?" एवढं म्हणून ते सकाळीच शेतात गेले. आमचं शेत रस्त्याला लागून आहे आणि रस्त्याकडच्या बांधावर एक चिंच आहे. सोलापूरची एसटी चिंचेजवळ आली तसा त्यांनी हात दाखवला. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं गाडी थांबवली. आप्पा खिडकीशी आले, गजातून माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "सावलीनं जा, बाय."

मी शाळेला निघाले, बाजाराला निघाले, परीक्षेला निघाले, तरी ते हेच म्हणायचे. आमच्याकडं ऊन असं आहे की माणसं आशीर्वादही उन्हाचा हिशेब धरून देतात. विमानात कुठली सावली धरायची, हे मी विचारलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली.

फरगाण्यात मी मवलुदा ओपा यांच्या घरी एक खोली घेतली. ओपा म्हणजे मोठी बहीण, आपली आक्काच. बाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या, विधवा, आवाज असा की गल्लीच्या टोकाला कढई करपत असेल तर घरात बसून गॅस बंद करवतील. भारतातून आलेल्या प्रत्येकाला नाचता येतं असा त्यांचा ठाम समज होता. तो मी आजवर मोडू शकले नाही, फक्त नाचले नाही.

घराला अंगण होतं, अंगणावर द्राक्षाचा मांडव, आणि मांडवाखाली एक मोठं लाकडी तख्त. त्यावर गाद्या अंथरून माणसं दिवसभर बसायची, जेवायची, चहा प्यायची, भांडायची. सप्टेंबर होता, पण ऊन आपल्या मेमधलं. मी पहिल्याच दिवशी खोलीतून बाहेर आले आणि शिष्टाचार म्हणून अंगणात उन्हातच उभी राहिले. ओपा तख्तावरून हाताचा पंखा करत ओरडल्या, "सोयागा! सोयागा ओतिरिंग!"

आता मी सोयाबीनवाल्याची मुलगी. आमच्या भागात जमीन काळी आणि पीक एकच. दिवाळीचे कपडे सोयाबीनवर, लग्नाची तारीख सोयाबीनवर, कॉलेजची फी सोयाबीनवर. परक्या देशात, पहिल्या दिवशी, कानावर ओळखीचा पहिला शब्द पडला तो सोया. मला भरून आलं. मी येताना मोबाइलवरून बाजारहाटाचे चार शब्द शिकले होते, ते सगळे एका दमात वापरले. आमच्याकडं सोया खूप, असं सांगितलं. हात पसरून दाखवलं: इथून तिथवर सोया. माझे वडील सोया विकतात.

ओपांनी पंखा थांबवला. मला वर बोलावलं, बसवलं, चहा दिला आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, शेतकऱ्याबद्दल ह्या लोकांना केवढा आदर आहे.

पुढं काही दिवस गल्लीतल्या बायका मला बघायला येऊ लागल्या. एकीनं विचारलं, वडील उन्हाळ्यातच विकतात का? मी म्हणाले, नाही, दिवाळीच्या आसपास. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. दुसरीनं विचारलं, गरिबांनाही विकत घ्यावी लागते का? मी म्हणाले, सगळ्यांनाच. ती उठून गेली.

उलगडा बाजारात झाला. ओपांबरोबर कडधान्याच्या ओळीतून जात होते, मूग, वाटाणे, राजमा, आणि एका पोत्यात पिवळे गोल दाणे. मी ओंजळ भरून उचलली आणि अभिमानानं म्हणाले, "सोया!" ओपांनी दाण्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग वर ताडपत्रीकडं बोट केलं, खाली जमिनीवर पडलेल्या तिच्या काळ्या चौकोनाकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "सोया." मग त्या शेजारच्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुकानदारानं काय झालं विचारलं, त्याला सांगितलं. त्यानं पलीकडच्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला माहीत झालं की भारतातून एक बाई आली आहे, तिचा बाप सावली विकतो.

सोया म्हणजे सावली. पहिल्या दिवशी ओपा मला एवढंच सांगत होत्या की सावलीत बस. दाण्यालाही तिकडं सोयाच म्हणतात, पण तो नंतर आलेला पाहुणा. सावली मूळची रहिवासी. उच्चार नीट ऐकला तर तो ओ आणि आ यांच्या मधला कुठलासा आहे, आणि तसा ऐकल्यावर मी कपाळाला हात लावला. साया. आमच्या शेजारच्या मुमताजखाला आयुष्यभर हाच शब्द वापरत आल्या होत्या. परीक्षेत पास झाले की डोक्यावरून हात फिरवत म्हणायच्या, बाप का साया सर पे रहे. निजामाचं राज्य जाऊन किती काळ लोटला, पण त्याचे शब्द आमच्या गल्लीत भाड्याशिवाय राहत होते. मी मैलोगणती लांब येऊन शेजारणीचा शब्द शिकले. मोबाइलवरचे माझे चार शब्द ह्या कामी काडीचेही उपयोगी पडले नव्हते.

हसून झाल्यावर ओपा गंभीर झाल्या. पोत्यावरून उठता उठता बोट हलवत म्हणाल्या, "सोया सोतिलमायदी." सावली विकली जात नसते. दाणे विका, झाड विका, फळ विका, पण सावलीत कुणीही येऊन बसलं तर त्याला उठवायचं नसतं. दारापुढच्या तुतीच्या सावलीत अनोळखी माणूस बसला तर त्याला चहा नेऊन द्यायचा असतो. हे त्या मला बालवाडीच्या आवाजात सांगत होत्या, आणि मी बालवाडीतल्या मुलीसारखी मान डोलवत होते.

त्यानंतर सकाळी मी कामाला निघाले की त्या फाटकातून म्हणायच्या, "सोयादान युरिंग." सावलीनं जा. शब्दाला शब्द तेच. त्या गावात ते शक्यही आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे पाट आहेत आणि पाटांवर तुती, चिनार, पोपलर. सकाळी सगळी माणसं एका बाजूनं जातात, संध्याकाळी तीच दुसऱ्या बाजूनं परततात. कुणी पाटी लावलेली नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही. मीही जाऊ लागले.

हा सगळा प्रकार मी फोनवर आप्पांना सांगितला. त्यांना फोनवर हसायची सवय नव्हती. फोन म्हणजे काम. पण त्या दिवशी हसले. "व्हय का? सावली इकतो म्हणं म्या?" नंतर आईनं सांगितलं, त्यांनी ही गोष्ट गावभर केली. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, "आप्पा, काय करलालाव?" तर म्हणायचे, "सावली इकलालोय. घेता का?"

एक गोष्ट इथं कबूल करायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल तिकडं सगळे संत राहतात. तिकडंही बडेजाव आहे. कॉलेजला कुणी मोठा साहेब भेट द्यायचा असला की पोरांना फुलं देऊन ओळीत उभं करतात आणि खांबांना रंग देतात, फक्त पुढच्या बाजूनं. मी हे घरी सांगितलं तेव्हा ओपांनी नाक मुरडून एक वाक्प्रचार शिकवला: त्याच्या सावलीवर गादी अंथरणं. म्हणजे साहेबाच्या पायाखाली अंथरून भागत नाही, त्याची सावली जिथं पडते तिथंही मऊ करायचं. मी म्हणाले, आमच्याकडं गादी अंथरत नाहीत, फ्लेक्स लावतात. फ्लेक्स म्हणजे काय हे समजावायला मला माझ्या सत्काराचा फोटो दाखवावा लागला. त्यांनी बराच वेळ शोधलं आणि विचारलं, ह्यात तू कुठं आहेस?

वडील हयात आहेत का, असंही त्यांनी बाजारातून परतताना विचारलं होतं. हो म्हटल्यावर दोन्ही तळवे तोंडावरून फिरवत त्या म्हणाल्या होत्या, त्यांची सोया तुझ्या डोक्यावरून न हलो.

ती गेल्या हिवाळ्यात हलली. आप्पा शेतातून आले, कट्ट्यावर बसले आणि उठले नाहीत. फरगाण्याहून ताश्कंद, ताश्कंदहून दिल्ली, दिल्लीहून पुढं, असं करत मी येईपर्यंत माती होऊन गेली होती. गावाच्या वेशीवर फ्लेक्स होता: 'पितृछत्र हरपले'. आप्पांचा फोटो ह्या खेपेला मधे आणि मोठा होता, पण पुढारी होतेच, श्रद्धांजली वाहणारे म्हणून. मला 'छत्र' ह्या शब्दाकडं बघवेना. छत्र राजाला असतं, आणि ते धरायला मागं एक माणूस पगारावर उभा लागतो. आप्पांच्या मागं कुणी उभं नव्हतं. ते आपले उभे असायचे, आणि त्यांची सावली पडायची.

तेराव्यानंतर माझा भाऊ सोमनाथ मला शेताकडं घेऊन गेला. तो माझ्याहून लहान. शेत तोच करतो, एकटा, आणि चांगलं करतो. बोलायचं होतं ते त्यानं चिंचेखालीच बोलायला घेतलं. दोन गोष्टी होत्या. एक, हक्कसोड. बापाच्या जमिनीत बहिणीचा वाटा असतो तो बहिणीनं सही करून सोडायचा, असा आपल्याकडं रिवाज आहे. कायदा काहीही म्हणो. दुसरी, चिंच. लाकूडवाला येऊन बुंध्याला दोरी लावून माप घेऊन गेला होता.

मी विचारलं, चिंच का?

"वसवा," सोमनाथ म्हणाला.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मराठीत सावलीला दोन शब्द आहेत. माणसावर पडते ती सावली. पिकावर पडतो तो वसवा. वसव्यातलं पीक खुरटतं, शेंग धरत नाही, पानं नुसती उंच होतात. बांधावर झाड असलं की त्याच्या पायाशी उजाड पट्टा हा ठरलेला. भावाभावांची, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं ह्या शब्दावरून होतात. फरगाण्यातले माझे पहिले दिवस सोया आणि सोया एकच समजण्यात गेले होते, आणि इथं माझ्या बापाच्या शेतात एक सोया दुसऱ्या सोयाला उगवू देत नव्हती.

"आक्का, तुला सावली गोड लागती, कारण तू तिथं येऊन बसतीस," सोमनाथ म्हणाला. "मला तिथं पेरायचं असतंय. मळणीयंत्र वळत न्हाय. आप्पा होते म्हणून म्या गप ऱ्हायलो."

तो खोटं बोलत नव्हता. चिंच आप्पांनीही पेरलेल्या पिकाच्या बदल्यात सांभाळली होती. फक्त ते तसं कधी म्हणाले नव्हते. मी परदेशात बसून झाडांच्या कौतुकाचे फोटो पाठवणार आणि वसवा सोसणार तो, हा व्यवहार कुठल्याच भाषेत बरा दिसत नाही. रडून, आप्पांची आठवण काढून मी त्याला थांबवू शकले असते. एक-दोन वर्षं तो थांबलाही असता. मग एक दिवस फोन आला असता की वाऱ्यानं पडली.

मला तसं नको होतं. मी म्हणाले, "सगळ्यावर सही करते. फक्त वसवा माझ्या नावावर कर."

"काय?"

"जिथं तुला पिकत नाही तेवढीच जमीन मला दे. चिंचेसकट. ती माझ्या वाट्याची. तुझं नुकसान आजपासून माझं."

सोमनाथनं माझ्याकडं असं पाहिलं जसं बाजारात ओपांनी पाहिलं होतं. मग आधी वाद, मग अबोला, मग चुलते मधे पडले. बहीण वाटा मागते ही एक भानगड, आणि नापीक वाटा मागते ही दुसरी. पहिलीवर काय बोलायचं ते गावाला पाठ होतं, दुसरीवर जो तो अंदाज बांधू लागला. कुणी म्हणालं परदेशात डोकं फिरलं. कुणी म्हणालं खाली पाणी असणार, तिला तिकडच्या मशीनवर दिसलं असेल. मी कुणाशी भांडले नाही. मी एवढंच म्हणत राहिले की कोरी सही हवी असेल तर मिळणार नाही, आणि वसवा द्यायचा असेल तर आजच्या आज करते.

अडचण खरी निघाली ती मोजणीची. झाड कागदावर चढवता येतं, बांध चढवता येतो. सावली चढवता येत नाही, कारण ती एका जागी राहत नाही. तलाठी चांगला माणूस होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, कधीची सावली धरायची? सकाळी ती रस्त्यापलीकडं जाते, संध्याकाळी शेताच्या मधोमध येते.

"दुपारची," सोमनाथ घाईनं म्हणाला. दुपारी ती सर्वांत लहान असते.

"संध्याकाळची," मी म्हणाले. आम्ही एका बापाची लेकरं.

आई तोवर बांधावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती. आप्पा गेल्यापासून ती फारशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "दुपारची धरा. सावली लागती तवा दुपारच असती."

आम्ही दुपार होईपर्यंत थांबलो. सोमनाथनं स्वतः कुदळ घेतली आणि सावलीच्या कडेनं रेघ ओढली, गोलसर, वेडीवाकडी. मधेच एकदा रेघ आपल्या बाजूला ओढताना मी त्याला पकडलं. तो लाजून हसला, आणि मग रेघ वीतभर बाहेरून घेतली. तलाठ्यानं त्या गोलाला सामावणारी चौकोनी पट्टी मोजली, कारण सरकारला गोल आवडत नाही. बाकी सगळ्या जमिनीवर मी सही केली.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला किंवा आणखी कुठं गेलात, त्या तुम्हाला हे लिहिते आहे, कारण आपल्यातले बरेच जण दोन्हीपैकी एक करतात. सगळं सोडतात आणि नंतर आयुष्यभर तक्रार करतात, किंवा सगळं धरून ठेवतात आणि तिकडं फिरकत नाहीत. सोमनाथचं पीक मी खाऊ नये, हे बरोबर आहे. त्याच्या घामावर माझं नाव कशाला? पण ज्यावर कुणाचंच पीक येत नाही, ती जागा मी सोडणार नाही. मी परत कायमची येईन असंही लिहीत नाही. मला इथं काम आहे, आणि उन्हाळ्यातही मी इथं अस्तित्वात असते.

ह्या काढणीच्या वेळी सोमनाथनं मोबाइलवर फोटो पाठवला. भर दुपार, चिंच, खाली भाकऱ्यांची फडकी सोडून बसलेल्या बायका, एक एसटीतून उतरलेला अनोळखी म्हातारा पिशवी उशाला घेऊन निजलेला, आणि कडेला, बुंध्याला टेकून, आई. पाठोपाठ त्याचा फोन आला.

"आक्का, काय करलालीस? तुझ्या शेतात लई गर्दी झालीय. भाडं घिऊ का?"

मी अंगणात तख्तावर होते. ओपा समोर द्राक्षं निवडत होत्या. बाजारात ओपांनी बजावलं होतं तेच मी म्हणाले, "सोतिलमायदी."

"म्हंजी?"

मी फोन ओपांकडं दिला. त्यांनी तो तोंडासमोर धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या भावाला, मधे ताश्कंद आणि दिल्ली असताना, तो शब्द तोडून तोडून शिकवला. दोन-तीन चुका झाल्यावर तिकडून तो बरोबर आला. मग दुसऱ्या कुणाच्या तरी, बहुधा त्या म्हाताऱ्याच्या, आवाजात. मग हसत हसत आईच्या.

त्या चिंचेच्या सावलीपुरतं माझं घर आहे. तिथं काही पिकत नाही.